तुझ्या भावजयीचं शहर

१४ सप्टेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडून टाकायचं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्यात दोन ओळी नजरेखालून जातील. तू नाही वाचलंस तर वहिनी वाचतील. वहिनी, नमस्कार. दादा, तुलाही, घ्यायचा असेल तर.

आम्ही सुखरूप पोचलो. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालास, "रिटायर झाल्यावर माणसं घरी बसतात, हा बायकोची ट्रंक उचलायला परदेशी चाललाय." तर कळवतो की ट्रंक मीच उचलली. शाळेत इतकी वर्षं पोरांना कवायत शिकवली, ती कुठेतरी कामी यायलाच हवी होती. विमानतळावर वजन जास्त भरलं आणि सगळ्यांदेखत ट्रंक उघडावी लागली. हिने एक भांडं काढलं नाही. माझे दोन ब्लेझर काढून माझ्या हातात दिले. मी एक अंगात घातला आणि दुसरा त्याच्यावर. सगळा प्रवास मी अस्वलासारखा बसून केला.

आपल्याकडून कुणी इकडे यायला निघालं तर त्याला सांग, ट्रंक घरीच काट्यावर ठेवून बघ. दाताची कामं उरकून ये आणि चष्मे दोन करून आण. इथे दाढ दुखली तर दाढेपेक्षा बिल जास्त ठणकतं. आणि मुख्य म्हणजे, दुकानात गेल्यावर किंमत आपल्या पैशांत मांडायची नाही. सुरुवातीला मी ते करत होतो आणि पिशवी हलवत रिकाम्या हाताने परत येत होतो. ही म्हणाली, "अहो, असं मांडत बसलात तर दोघं उपाशी मरू. इथला पगार, इथला भाव. तिकडचं तिकडे."

हिच्या हॉस्पिटलनं तात्पुरती खोली दिली आहे. ऐसपैस आहे. खिडकीतून झाड दिसतं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर जवळजवळ आहेत. म्हणजे एकाच ठिकाणी आहेत, मध्ये पडदा आहे. एकजण आंघोळ करत असताना दुसऱ्याला फोडणी टाकता येते. वेळ वाचतो.

ही ऑपरेशन थिएटरात रुजू झाली. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा गणवेश घालून निघाली तेव्हा तू बघायला हवं होतंस तिला. पन्नाशीची बाई, पण चाल अशी की माझ्या संचलनात पहिल्या रांगेत उभी केली असती.

तुझा धाकटा


१ नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तुझी तब्येत ठणठणीत आहे.

हॉस्पिटलच्या खोलीची मुदत संपत आल्यामुळे आम्ही घर शोधत होतो. या शहरात घर शोधणं म्हणजे काय, ते सांगतो. एक खोली भाड्याने द्यायची असली की एजंट एकच वेळ देतो आणि जिन्यावर खालपासून वरपर्यंत माणसं उभी राहतात. मला रांगेची सवय आहे, फरक एवढाच की आतापर्यंत रांग मी लावत आलो होतो. वर पोचलं की आत चक्कर मारायची, नळ सोडून बघायचा आणि एजंटच्या हातात कागद ठेवायचे. कागदांत पगाराचं पत्र लागतं, बँकेचं खातं लागतं. बँकेत गेलो तर बँकवाली म्हणते, आधी कायमचा पत्ता आणा. पत्त्यासाठी घर, घरासाठी खातं, खात्यासाठी पत्ता! मी तिथेच एक गिरकी घेतली असती. शेवटी हिच्या मेट्रननं चिठ्ठी दिली, तेव्हा खातं उघडलं. म्हणून सांगतो, इथे येण्याआधीच नोकरी देणाऱ्याकडून पत्त्याचा कागद मागून घ्यावा. तो नसेल तर माणूस आहे तिथेच फिरत राहतो.

एका एजंटनं मला विचारलं, "तुमचा व्यवसाय?" मी म्हटलं, "शिक्षक." "कुठल्या शाळेत?" मी शाळेचं नाव सांगितलं, अगदी ताठ मानेनं. त्यानं ते लिहूनही घेतलं आणि मग विचारलं, "ती शहराच्या कुठल्या भागात येते?" ही पटकन म्हणाली, "ते निवृत्त आहेत. घर माझ्या पगारावर घ्यायचंय." आणि तिने पगाराचं पत्र पुढे सरकवलं. एजंटनं ते पाहिलं, हसला आणि परत दिलं.

का हसला, तेही सांगून टाकतो. हिला अजून नर्सचा पगार नाही. इथल्या भाषेची परीक्षा पास होईपर्यंत ती मदतनीस आहे. थिएटरात आहे हे खरं, पण टेबलापाशी नाही. पलीकडच्या खोलीत हत्यारं धुते, वाफेत घालते, कापडात बांधते. आपल्याकडे जिच्या हाताशिवाय मोठे डॉक्टर पोटाला हात लावत नव्हते, ती इथे दाराच्या काचेतून ऑपरेशन बघते. मला वाटलं होतं, रडेल. पण संध्याकाळी घरी येते ती चपला काढता काढता त्या खोलीतले नवे शब्द घडाघड म्हणत येते.

घर मिळालं! एक म्हातारी बाई आहे, एकटी, एका शाळेची निवृत्त हेडमिस्ट्रेस. मी तिला हेडबाई म्हणतो. तिच्या घराची वरची खोली आम्हाला मिळाली. भाडं आवाक्यात बसलं, कारण अंगणातला बर्फ काढायचा आणि कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे हे काम मी पत्करलं. व्यायाम आहे. तू हे वाचून हसत असशील तर हस, पण तुझ्या भावाच्या पोटाचा घेर कमी झालाय आणि तुझा वाढलाय, असं वहिनींकडून कळतं.

वहिनी फोन करतात, हे तुला माहीत नसेल तर आता झालं. त्यांना काही बोलू नकोस.

धाकटा


६ जानेवारी

दादा,

थंडी अशी आहे की नाक आपलंच आहे ना, हे हात लावून बघावं लागतं. आल्या आल्या मी स्वस्तातले बूट घेतले. त्यांतून पाणी आत आलं आणि मी आठवडाभर शिंकत होतो. मग हिने तिच्यासाठी कोट घ्यायचा बेत रद्द केला आणि मला चांगले बूट घेतले. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाली, "तुम्ही आजारी पडलात तर बर्फ कोण काढणार? हे बूट म्हणजे भाडं आहे." कोट तिला मेट्रननं स्वतःचा जुना दिला. तो तिच्या पायांपर्यंत येतो. पण ती तो अशी घालते की लोकांना वाटावं, हीच फॅशन आहे.

घराचे नियम पुष्कळ. रविवारी ठोकाठोक नाही, कपडे धुण्याचं मशीन ठरलेल्या वारी, जिन्यावर चप्पल ठेवायची नाही. मला आवडले. माझ्या शाळेत इतकी शिस्त असती तर आंतरशालेय ढाल कधीच हातची गेली नसती.

परीक्षेची तयारी मी माझ्या ताब्यात घेतली होती. वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं. लेखी ती एकटी करायची. बोलण्याची परीक्षा अशी असते की समोर कुणीतरी पेशंट होऊन बसतो आणि त्याच्याशी बोलावं लागतं. आमच्याकडे पेशंट मी. रोज संध्याकाळी मी पलंगावर आडवा व्हायचो आणि कण्हायचो. ही यायची, कुठे दुखतं विचारायची. दादा, मला इथल्या भाषेत अजून धड बटाटे मागता येत नाहीत, पण डाव्या कुशीत कळ येतेय आणि ती पाठीत जातेय, हे मी अस्खलित सांगतो. एकदा मी इतका मनापासून कण्हलो की हेडबाई काठी टेकत वर आली. ही तिला समजावायला गेली आणि नेमका शब्द आठवेना. शेवटी मीच उठून उड्या मारून दाखवल्या, तेव्हा बाई शांत झाली.

परीक्षा झाली. निकाल लांबलाय असं कळतं.

तुझे गुडघे कसे आहेत? दुकानात उंच स्टुलावर बसू नकोस. सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करायचे, धरायचे, सोडायचे. मी दाखवलं होतं. करत नसशीलच.

धाकटा


२० मार्च

दादा,

वहिनींनी हिला फोन केला आणि विचारलं, "निकाल कधी लागतोय गं?" ही म्हणाली, "लागला की वहिनी. नापास झाले." त्यामुळे आता तुला कळलंच आहे. मी निकाल लांबल्याचं लिहिलं, कारण तू दुकानात बसून मान हलवशील, ते मला इथून दिसत होतं. हिला मात्र कशाची लाज वाटली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "नापास मी झालेय आणि तोंड तुम्ही का लपवता?"

लेखीत ती उत्तम पास झाली. बोलताना अडकली. आता एकच संधी आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हाही नाही जमलं तर करार संपला, परवाना संपला.

मी नव्या जोमानं वेळापत्रक करायला बसलो. शिट्टी बाहेर काढली, स्टॉपवॉच काढलं. पलंगावर आडवा झालो आणि म्हटलं, "चल, सुरू." ती उभीच राहिली.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही मला रोज शर्यतीत उतरवता. वाक्य संपायच्या आत घड्याळ बघता. मला पेशंटशी बोलायचंय, पहिला नंबर नाही काढायचा. त्या दिवशी परीक्षेतली बाई समोर बसली होती आणि मला तिचा चेहरा दिसेना. कानात तुमची शिट्टी."

माझी शाळेतली पोरं मला असं कधी बोलली नव्हती. कदाचित त्यांची हिंमत झाली नसेल. मी शिट्टी खिशात टाकली आणि कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला गेलो, त्या दिवशी कचऱ्याचा वार नव्हता तरी.

जेवताना ती म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला परत जायचं असेल तर जा. दादांचं दुकान आहे, तुमचं मन रमेल. मी रागावणार नाही. पण मी येणार नाही. इथे नाही जमलं तर दुसऱ्या देशात अर्ज करीन. हत्यारं धुवायला मी आयुष्यभर थांबणार नाही आणि परत जाऊन मान खाली घालायलाही."

दादा, तुला खरं सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आपल्या घरात ती तुझ्यापुढे पदर सावरून, "हो दादा", "बरं दादा" एवढंच बोलायची. ड्यूटीवर ती कशी असते हे आपण दोघांनीही कधी जाऊन पाहिलं नाही. मी म्हटलं, "मी कुठे जातोय? माझ्या बुटांचं काय करशील?" ती हसली आणि मला आणखी एक चपाती वाढली.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच मार्ग काढला. हेडबाईच्या पायाला एक जखम आहे, भरत नाही. ही रोज खाली जाऊन ती धुते, पट्टी बांधते आणि त्या वेळात दोघी बोलतात. सुरुवातीला हेडबाई प्रत्येक वाक्याचं व्याकरण दुरुस्त करायची. हिनं तिला एकदा सांगितलं म्हणे, "बाई, आधी माझं ऐकून घ्या, चुका नंतर सांगा." तेव्हापासून बाई ऐकते. मी वर बसलेला असतो आणि जमिनीतून हिचं हसणं ऐकू येतं. आपल्या घरात ही इतक्या मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही. तुला आठवतं का?

आता माझं. मला नोकरी लागली. हेडबाईच्या जुन्या शाळेसमोर मोठा रस्ता आहे, तिथे शाळा भरताना आणि सुटताना मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. नारिंगी कोट, हातात गोल पाटी. हेडबाईनंच नाव सुचवलं. लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण पहिल्याच दिवशी एक गाडी वळणावरून जोरात आली. मला इथला शब्द आठवेना. मी पोटातून ओरडलो, "थांबा!" दादा, मुलं जागच्या जागी थांबली, गाडी थांबली, पलीकडच्या पाववाल्याच्या हातातला ट्रे थांबला. कवायतीचा आवाज आहे तो, त्याला भाषांतर लागत नाही. आता ती सगळी फौज मला 'थांबा' याच नावानं हाक मारते. सकाळी लांबूनच ओरडतात, "थांबाऽऽ!" आणि मी सलाम ठोकतो.

त्या पगारातून भाड्याचा थोडा भार हलका होतो. उरलेल्यातून मी हिला कोट घेतला. तिच्या मापाचा.

धाकटा


११ जून

दादा,

परीक्षा झाली.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. शिट्टी घरी ठेवून आलो होतो. तरीही हात सारखा खिशाकडे जात होता. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, तीही परदेशातून आलेली, तीही नर्स. ती वहीतली वाक्यं भराभर पुटपुटत होती. हिनं आत जाण्याआधी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "श्वास घे. आत माणसंच आहेत." इथल्या भाषेत म्हणाली. मला समजलं, म्हणजे सोपंच बोलली असणार.

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. या वेळी पेशंट नव्हता. पेशंटचा मुलगा झालेला माणूस समोर होता. त्याच्या आईचं ऑपरेशन चालू आहे, तो घाबरलाय आणि ओरडतोय, असा प्रसंग. हिनं पाठ केलेली सगळी वाक्यं वेगळ्या प्रसंगांची. "एकही आठवलं नाही," ती म्हणाली, "आणि बरंच झालं."

"मग काय केलंस?"

"खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसले. म्हटलं, तुमच्या आईचा हात आत्ता माझ्या मैत्रिणीच्या हातात आहे. मी आत जाते, बघते आणि स्वतः येऊन तुम्हाला सांगते. तोवर इथून हलू नका, नाहीतर मला तुम्हाला शोधावं लागेल."

"व्याकरण बरोबर होतं?"

"काय माहीत! पण तो परीक्षक ओरडायचा थांबला. त्याला ओरडायचं होतं अजून, कागदावर तसं लिहिलेलं होतं. पण तो विसरला."

ती बाहेर आली तेव्हा मी ताडकन उभा राहिलो. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "भूक लागलीय. आज बाहेर खाऊ." या शहरात बाहेर खाणं म्हणजे चैन. आल्यापासून आम्ही केलं नव्हतं. मी खिडकीजवळचं टेबल मागितलं आणि यादीतली किंमत आपल्या पैशांत मांडली नाही. थोडी मांडली. पण तिला कळू दिली नाही.

निकाल काल लागला. ही पास झाली, दादा. बोलण्यात त्या तुकडीत सगळ्यांत वर. पहिला नंबर काढायचा नाही म्हणणारी बाई!

हेडबाईनं निकालाचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला, त्यात एक छपाईची चूक काढली आणि मग हिला मिठी मारली. मी शाळेसमोर सगळ्या पोरांना सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण टाळ्या वाजवल्या. पाववाल्यालाही सांगितलं. आता तुला सांगतो आहे.

धाकटा


२८ ऑगस्ट

दादा,

ही टेबलापाशी उभी राहिली. पोटाचं ऑपरेशन होतं. ती सांगते, डॉक्टर खूप उंच आहेत, त्यांच्या हातात हत्यार द्यायला तिच्यासाठी पायाखाली पाट ठेवला. पहिल्यांदा त्यांनी मागितलं तेव्हा ते नाव तोंडातून पुरं व्हायच्या आत हिचा हात पुढे गेला होता. ऑपरेशन संपल्यावर त्यांनी मास्क काढून विचारलं, "उद्या कोण आहे?" मेट्रन म्हणाली, "ज्यांची पाळी असेल ते." डॉक्टर म्हणाले, "यांची लावा." हे ती भाजी चिरता चिरता मला सांगत होती, जणू दुधाचा भाव सांगतेय. मीच उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

नर्सचा पगार सुरू झाल्यावर आम्ही स्वतःचं घर बघायला घेतलं. हेडबाई रागावली, मग तिनंच जाहिराती कापून आणल्या. आम्हाला मिळालेलं घर तिच्याच गल्लीच्या टोकाला आहे, म्हणजे पट्टी बांधायला हिला आणि डबे ठेवायला मला जाता येईल. इथे रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. दिवा नाही, ओटा नाही, पडद्याची दांडी नाही. आधीचा माणूस खिळेसुद्धा काढून नेतो. कुणी इकडे येणार असेल तर हे आवर्जून सांग, नाहीतर पहिला दिवस अंधारात जातो. आमचा गेला असता, पण शाळेतल्या एका मुलीच्या आईनं दिवे आणि शिडी आणून दिली. टेबल आम्हाला रस्त्याकडेला मिळालं. लोक नको असलेल्या चांगल्या वस्तू तिथे ठेवतात, हे इथलं मला सर्वांत आवडलेलं आहे. उचललं मीच, सवय झालीय.

भाडेपट्ट्यावर सही करायला गेलो तेव्हा घरमालकानं सगळे प्रश्न हिलाच विचारले. ही सरळ बसून उत्तरं देत होती. मग त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि हे काय करतात?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, "या भागातली सगळी मुलं रोज घरी सुखरूप पोचतात ना? ते यांचं काम आहे." मालक उठला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. त्याची नात माझ्या रस्त्यावरून जाते.

दादा, तुझ्यावर माझा राग नाही. होता, पण बर्फ काढता काढता कुठेतरी पडला. तू मोठा आहेस, तुझ्या मर्जीनं बोलशील. वहिनी म्हणतात, पत्र आलं की तू आधी दुकान बंद करतोस आणि मग वाचतोस. ते तू मला सांगायला हवंस, त्यांनी नव्हे. बैठकीची खोली मोठी आहे, सोफा उघडला की पलंग होतो. जिना नाही, लिफ्ट आहे, तुझ्या गुडघ्यांना चालेल. पुढच्या उन्हाळ्यात दोघं या. येताना ब्लेझर एकच आणा.

आता पत्त्याचं. आजवर आम्ही हेडबाईच्या घरी होतो, पत्र तिच्या नावानं चाललं असतं. इथे तसं नाही. पोस्टमन घराचा नंबर बघत नाही, खालच्या पेटीवरचं नाव बघतो. नाव जुळलं नाही की पत्र सरळ परत. पेटीवर एकच पट्टी बसते आणि भाडेपट्टा हिच्या नावावर आहे, म्हणून पट्टीवर नाव हिचं आहे. मीच ते कोरून आणलं आणि मीच बसवलं, सरळ रेषेत.

पाकिटाच्या मागे पूर्ण लिहिलंय. तुला उत्तर लिहायचं झालं, तर वर हिचं नाव घालावं लागेल. माझ्या नावानं लिहिलंस तर पोचणार नाही.

धाकटा